दाढीचा आरसा आणि चार टायर

"अहो, दाढी करायला तिथे खाली कशाला शिरलात?"

अल हैलमधल्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बंगल्यामागे, भिंतीच्या सावलीत कॅरव्हॅन उभी होती आणि तिच्याखालून शांताराम गोताड यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. उजवा सरळ, डावा जरासा वाकडा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दाढीचा गोल आरसा.

"दाढी नाय करत. टायरची आतली बाजू बघतोय."

"आतून कोण बघतो टायर?"

"कोण बघत नाय म्हणूनच. लबाडी आतल्या बाजूलाच असते."

प्रभावतीनं पदर खोचला आणि एका उपड्या बादलीवर बसली. सत्तावीस वर्षांत ती पहिल्यांदाच ओमानला आली होती. नवऱ्याचं ओमान तिला फोनवरून माहीत होतं: अर्बाब, अर्बाबच्या तीन गाड्या, अर्बाबची ही चाकांवरची खोली, आणि शांतारामना फसवायला टपलेले असंख्य लोक. भाजीवाला जुनी भेंडी खाली दडवतो. टेलर कापड मारतो. शेजारच्या खोलीतला पंजाबी उसना पाना परत देतो, पण बदलून देतो. तिला वाटायचं, लांब राहून माणूस जरा बोलायला विषय शोधतो. इथे येऊन आठवडा झाला तेव्हा कळलं, विषय नव्हता तो, स्वभाव होता. दूधवाल्याच्या दुकानातून दही आणलं तरी शांताराम डबा उलटा करून तारीख वाचत. मग झाकणावरची वाचत. दोन्ही जुळल्या की म्हणत, "हे जास्तच जुळतंय."

अर्बाबनं या वेळी स्वतःहून सांगितलं होतं. "शांताराम, तुझी बायको आली आहे. शुक्रवारी कॅरव्हॅन घे, सूरला जा. समुद्र दाखव, कासवं दाखव. चार दिवस इथे तोंड दाखवू नकोस." इतक्या वर्षांत अर्बाबच्या पाहुण्यांना, त्यांच्या बकऱ्यांना आणि जळाऊ लाकडांना शांतारामनी या कॅरव्हॅनमधून सूरपर्यंत नेलं होतं. स्वतःचं माणूस कधीच नाही. प्रभावतीनं तर सोमवारीच आतल्या इवल्याशा कपाटात कोकमाच्या आगळाची बाटली, पोहे आणि कुळथाच्या पिठाचा डबा मांडून ठेवला होता.

शांताराम सरपटत बाहेर आले, बाहेरच्या बाजूंवरूनही बॅटरी फिरवली. चेहरा पडलेला.

"भेगा आहेत. चारही टायरना."

"मला तर नवे दिसतायत. देव्हाऱ्यातल्या समईसारखे चकाकतायत!"

"तीन वर्षंच झाली. नक्षी बघ, बोटभर खोल आहे. चाललेत कुठे फारसे? वर्षातून पाच वेळा." त्यांनी टायरच्या बाहेरच्या बाजूवर, अक्षरांच्या खाली, अंगठ्याचं नख रोवलं. नख आत गेलं. "बघ. माझं नख जातंय. आणि यावर मी तुला घेऊन सूरच्या रस्त्याला लागायचं?"

सूरचा रस्ता म्हटल्यावर प्रभावतीनं आपसूक त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी शांताराम पाण्याचा टँकर चालवत होते. याच रस्त्यावर, कुरियातच्या पुढे, उतारावर, टँकरचा पुढचा टायर फुटला. तीन महिने हॉस्पिटल. घरी फोन आला तो पायाचं हाड बसवल्यावरच. टायरवाल्यानं जुना माल नवा म्हणून विकला, असं शांताराम तेव्हाही सांगत आणि आजही. त्यांचा सगळा संशय तिथून सुरू झाला होता. त्याआधी ते भेंडी न निवडता घेत असत, हे फक्त प्रभावतीला आठवत होतं.

"मग आता कोणी फसवलं?" तिनं विचारलं.

"तेच शोधतोय. एक, ज्याच्याकडून घेतले तो. तारीख तर मी स्वतः वाचलेली, पण तारीख खोडून नवी पाडतात म्हणे. दोन, अर्बाबचा जावई. गेल्या हिवाळ्यात त्यानं आत काय काय भरलं देव जाणे, मला चावी मागितली तेव्हाच हसत होता."

"हसला म्हणून?"

"विनाकारण हसला."

"आणि ऊन?"

"उनाला मी सोडलंय होय? टायरवर कापडी टोप्या घालतो, खाली लाकडाच्या फळ्या ठेवतो. पोरासारखे सांभाळलेत." ते उठले, हात झटकले. "उद्या दुकानं. तू पण चल. मी टायर बघीन, तू दुकानदाराचं तोंड बघ."

*

पहिल्या दुकानात प्रभावतीला तोंड बघायला वेळच मिळाला नाही. दुकानदारानं आकडा ऐकला आणि टायर आणून आपटला. "सेम साइज, भाईसाब. यल्ला, चढा दूँ?"

शांतारामनी चष्मा लावला, वाकले, बाजूवरचे बारीक आकडे वाचले आणि सरळ झाले. "ये कार का है."

"साइज तो वही है!"

"साइज वही, जान वही नहीं. कारमध्ये चार माणसं बसतात. माझ्या गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे." रागाच्या भरात ते मराठीत कधी शिरले ते त्यांना कळलं नाही. "किती वजन झेलेल ते यावर लिहिलंय. तू वाचलंस कधी?"

दुसऱ्या दुकानातले टायर काळेभोर, ओलसर चमकणारे. शांतारामनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि एका टायरवरून फिरवला. रुमाल काळा. त्यांनी तो निशाणासारखा वर धरला. "मेकअप!" मग आतल्या बाजूची तारीख वाचली. चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सहा वर्षांचा निघाला.

"तोंड कसं होतं?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"गरीब होतं हो. रुमालाकडेच बघत होता."

"गरीब तोंडवालेच डेंजर."

*

तिसरं दुकान मबेल्यात, वर्कशॉपांच्या रांगेत. मालक लुंगी नेसलेला, साठीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली. दोघांचं बोलणं ऐकताच तो मराठीत म्हणाला, "या या. कोणतं गाव?"

प्रभावतीचा चेहरा उजळला. शांतारामनी खिशातलं पाकीट चाचपलं.

"चिपळूणजवळ," प्रभावती म्हणाली. "तुमचं?"

"बाणकोट. बदरुद्दीन मुकादम. बसा वहिनी, चहा सांगतो."

"चहा नको," शांताराम घाईनं म्हणाले.

"नको का?"

"चहा घेतला की माणूस भीड धरतो."

बदरुद्दीन मोठ्यानं हसले. "बरं बाबा. काय हवंय ते तरी सांगा, का तीपण भीडच?"

शांतारामनी सगळं सांगितलं: कॅरव्हॅन, चार चाकं, वजन, सूर. बदरुद्दीननी मध्ये एकदाच विचारलं, "आत पाणी भरून जाता का रिकामी टाकी?" या प्रश्नानं शांताराम दचकले. आधीच्या दोघांनी तो विचारला नव्हता. हा का विचारतोय?

टायर आले. कॅरव्हॅनचेच, जाड बाजूचे, धुळीनं माखलेले, बिनचमकीचे. शांतारामनी रुमाल फिरवला. रुमालाला धूळ लागली, काळं लागलं नाही. तारीख याच वर्षाची, बाराव्या आठवड्याची. दुसऱ्यावर तीच. तिसऱ्यावर तीच. चौथा वाचून ते मालकाकडे वळले.

"चारही सारखे कसे?"

"एका खेपेत आले म्हणून."

"आणि एवढे ताजे?"

"अहो, ताजे नको होते का? मागे सहा वर्षांचे पडलेत, ते देऊ?"

प्रभावती पदराआड हसली. शांताराम हसले नाहीत. "चढवताना तारखेची बाजू बाहेर ठेवायची. मला रोज दिसली पाहिजे."

"ठेवतो. वाटलं तर खडूनं माझं नावपण लिहितो त्याच्यावर. फुटला तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळेल."

*

दुसऱ्या दिवशी प्रभावतीला शेजारी बसवून शांताराम अर्बाबच्या गाडीमागे रिकाम्या टाकीची कॅरव्हॅन ओढत दुकानात आले, चाळीसच्या वेगानं, मागे हॉर्नचा मोर्चा घेऊन. जॅक लागला. जुनं चाक निघालं. शांताराम नट मोजत होते. बदरुद्दीननी जुना टायर उभा केला, भेगांवरून बोट फिरवलं आणि मग एक विचित्र गोष्ट केली: नाक टायरला लावलं.

"शांतारामभाऊ, याला लावता काय?"

"काय नाय लावत. पुसतो."

"कशानं?"

"फडक्यानं."

"फडकं कशात बुडवता?"

शांताराम पुन्हा नट मोजायला लागले. उत्तर प्रभावतीनं दिलं. "डिझेलमध्ये. दर शुक्रवारी. सुट्टीवर घरी आले तरी बनियनला तोच वास. मी म्हणायची, हा माणूस अत्तर लावतो का डिझेल?"

"सगळेच लावतात," शांताराम म्हणाले. गावाकडे, लोट्याला, ट्रकवर क्लिनर होते तेव्हा वस्तादानं शिकवलं होतं: शुक्रवारी ट्रक धुवायचा, देवाच्या फोटोला हार, टायरना डिझेलचा हात. टायर जांभळासारखे काळे व्हायचे. तेवढा एकच नेम त्यांनी इथे आणला होता आणि सत्तावीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. "गाडी स्वच्छ ठेवायची नाय काय?"

"ठेवा की. साबणपाण्यानं ठेवा." बदरुद्दीननी टायर त्यांच्यापुढे आडवा टाकला. "रबरात मेण घातलेलं असतं, भाऊ. ते हळूहळू वर येतं आणि टायरला उनापासून राखतं. डिझेल ते मेण खातं. वर रबर फुगवतं, मऊ करतं. मग ऊन आपलं काम करतं. तुम्ही टोप्या घातल्यात, फळ्या ठेवल्यात, आणि दर शुक्रवारी..."

"तुम्हाला नवे विकायचेत म्हणून हे सांगताय."

"नवे तर तुम्ही कालच घेतलेत!"

हे खरं होतं. शांतारामनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी तरी तिसरा सापडेल. मग स्वतःच खाली बसले आणि टायरचा वास घेतला. पुन्हा घेतला. खिशातून आरसा काढून टायरच्या आतल्या बाजूला धरला. फडकं जिथे कधी पोचलं नव्हतं, तिथे रबर धडधाकट होतं. भेग एकही नाही.

मंगळवारी गाडीखाली शिरूनही त्यांनी आतली बाजू पाहिली होती. पण तेव्हा ते तारीख वाचत होते.

त्यांनी आरसा पुसून खिशात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "बदरुद्दीनभाई, टँकरचा टायर असला तर? त्यालाही असंच होतं?"

"कुठला टँकर?"

"होता एक. एकोणीस वर्षांमागे. त्यालाही मी शुक्रवारी..."

बदरुद्दीननी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं, मग प्रभावतीकडे. "न बघितलेल्या टायरबद्दल मी बोलत नाही," ते म्हणाले. "उतार असेल, वजन असेल, जुना माल असेल. डिझेलपण असेल. आता ते कोण सांगणार? खलास." आणि आत वळून ओरडले, "तीन चहा!"

या वेळी शांताराम नको म्हणाले नाहीत. चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "साखर एवढी का घातलीय?"

निघताना बदरुद्दीन म्हणाले, "शंभर किलोमीटरच्या आत थांबा आणि नट परत आवळा. नवीन चढवलेलं चाक जरा बसतं, एखादा नट पाव फेरा घेईल. घेतला तर मला फोन करून शिव्या देऊ नका."

*

शुक्रवारी सकाळी कुरियातच्या अलीकडे, पेट्रोल पंपावर, शांतारामनी गाडी बाजूला घेतली. पाना घेऊन एकेक नट तपासला. अकरावा फिरला. पाव फेरा. त्यांनी फोन खिशातून काढला, नंबर शोधला, थोडा वेळ नावाकडे बघितलं आणि परत खिशात टाकला.

मग टायरवरची धूळ त्यांच्या नजरेला पडली. शुक्रवार होता. पंपावर डिझेलचा वास दरवळत होता. हात आपोआप सीटखालच्या फडक्याकडे गेला.

फडकं तिथे नव्हतं.

"माझं फडकं कुणी नेलं?" आवाजात सत्तावीस वर्षांची धार होती.

"मी. काल कचऱ्यात टाकलं." प्रभावतीनं पाण्याची बाटली आणि जुन्या साडीचा धुतलेला तुकडा पुढे केला. "हे घ्या. आणि आधी वास घ्या हवं तर. साबणाचाच येईल."

त्यांनी खरंच वास घेतला. मग खाली बसून, खडूतलं नाव तेवढं सोडून, चारही टायर पाण्यानं पुसले. समईसारखे नाही झाले. साधे झाले. पुसता पुसता, मान वर न करता म्हणाले, "प्रभा, त्या टँकरच्या टायरवाल्याला मी भर बाजारात चोर म्हटलं होतं. सगळ्या खोल्यांवर सांगत फिरलो होतो, त्याच्याकडे जाऊ नका."

"मग आता?"

"आता त्याचं दुकान कुठे आहे तेपण माहीत नाय."

तिनं तुकडा पिळून कॅरव्हॅनच्या दाराला वाळत घातला आणि पुढे जाऊन बसली.

कुरियात मागे पडलं. तो उतार आला. शांतारामनी वेग साठवर आणला. डाव्या आरशात डावीकडची दोन चाकं दिसत होती, पिवळ्या खडूतलं 'बदरुद्दीन' फिरून फिरून पुसट होत चाललेलं. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून उजवा आरसा प्रभावतीच्या बाजूला होता.

"उजवीकडची दिसतायत का तुला?"

"दिसतायत."

"नीट?"

"अहो, गोल आहेत. फिरतायत. आणखी काय करायचं असतं त्यांनी?"

उतार संपला. रस्ता सपाट झाला, लांब उजेडात समुद्राची निळी कड दिसू लागली. प्रभावती तिकडे बघायला लागली. शांतारामनी दहा मिनिटं दम धरला.

"आणि आत्ता?"