अक्कांच्या इंग्रजी फण्या

माझ्या थोरल्या जाऊबाई धुळ्याकडच्या, सोनगीरच्या. मी त्यांना अक्का म्हणे. मी सासरी आले तेव्हा त्यांना विधवा होऊन चार वर्षं झाली होती. बोदवडजवळच्या आमच्या गावात कुणाचीही बाई अडली की बोलावणं त्यांनाच येई. जळगावच्या एका दवाखान्यात सुईणींचा वर्ग निघाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी आबांकडे, म्हणजे आमच्या सासऱ्यांकडे, परवानगी मागितली. आबा म्हणाले, "परीक्षा देऊन पाहा. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही."

दवाखान्याची अट एकच होती. औषधांची लांबलचक नावं तिथे शिकवणार. बाटल्यांवरचे, तक्त्यावरचे लहान इंग्रजी शब्द मात्र घरून वाचता यायला हवेत. अक्का मराठी चौथी शिकलेल्या. मी धुळ्याला इंग्रजी तिसरीपर्यंत गेलेली. मला याद्या करण्याची हौस पहिल्यापासून, म्हणून मी लगेच वही आखली. शेवटची अक्षरं सारखी असलेले शब्द एकाखाली एक मांडले आणि समोर अर्थ. लिप म्हणजे ओठ, हिप म्हणजे कुल्ला, टिप म्हणजे टोक, सिप म्हणजे घोट, डिप म्हणजे बुडवणं.

अक्कांनी पान पाहिलं. "ह्या बठ्ठा एकच घरना शेतस का?"

"हो, सगळे एकाच घरचे. फक्त पहिलं अक्षर वेगळं."

"मग यादी काय म्हणतेस? फणी म्हण."

केळीच्या घडात जशी फणी, तशी ही शब्दांची. तेव्हापासून आमच्याकडे इंग्रजी फणीवर मोजलं जाऊ लागलं. दुपारी केळीच्या बागेत निंदणी थांबली की अक्का बाभळीच्या काट्याने केळीच्या पानावर शब्द कोरत. थोड्या वेळाने ओरखडे काळपट होऊन अक्षरं स्पष्ट दिसत. पाटी नको, पेन्सिल नको. संध्याकाळी तीच पानं गोठ्यात जात. आबा म्हणत, "म्हैस आता इंग्रजीत हंबरली तर दूध कोण काढेल?"

"मी काढीन, आबा. मला समजेल ती काय म्हणते ते," अक्का म्हणत.

एका फणीवर मात्र त्या अडल्या. त्या फणीचं शेपूट आय-एल-एल. बिल, फिल म्हणजे भरणं, हिल म्हणजे टेकडी, इल म्हणजे आजारी, किल म्हणजे जिवे मारणं, मिल, पिल म्हणजे गोळी.

"आजारी, जिवे मारणं आणि औषधाची गोळी एकाच फणीत? साहेबाने कशी काय माणसं शेजारी बसवली आहेत."

दोन महिन्यांत त्यांच्या अठ्ठावीस फण्या पाठ झाल्या. मी मोठ्या समाधानाने त्यांना घेऊन जळगावला गेले.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक डबी काढून पुढे धरली. अक्का म्हणाल्या, "बिल, फिल, हिल, इल, किल, मिल, पिल. पिल. गोळी." बाईंनी तक्त्यावर दुसऱ्या शब्दाखाली बोट ठेवलं. अक्का पुन्हा फणीच्या पहिल्या केळापासून सुरू झाल्या. तिसऱ्या शब्दाला बाईंनी हात वर केला.

"तुम्ही मुक्कामाला पोचता खरं, पण प्रत्येक स्टेशन घेत. तोवर रोगी थांबायचा नाही."

चूक सर्वस्वी माझी होती. मी शब्द कायम त्याच क्रमाने म्हणून घेतले होते. एकटा शब्द ओळखायची सवयच लावली नव्हती. बाईंनी आम्हाला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. परतताना मला रडू येत होतं, आणि आबांना काय सांगायचं तेही सुचत नव्हतं. अक्कांनी ते स्वतः सांगितलं. "परीक्षा अर्धी झाली, आबा. उरलेली पंधरा दिवसांनी."

आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

त्याच दिवशी मी वहीची पानं कापली. एकेका शब्दाची चिठ्ठी केली आणि सगळ्या चिठ्ठ्या सुपात टाकल्या. अक्का सूप पाखडत, मी हात घालून चिठ्ठी काढत असे. अर्थ तत्काळ आला नाही की चिठ्ठी परत सुपात. पहिल्या दिवशी सुपात परत गेलेल्याच जास्त. बाराव्या दिवशी एकही नाही.

दुसऱ्या खेपेला अक्कांनी तक्ता खाडखाड वाचला. मग बाईंनी कपाटाच्या मागच्या ओळीतून एक बाटली काढली. अक्कांनी ती उजेडाकडे नेली, पुन्हा पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"ही येत नाही."

"शेवट तर ओळखीचा आहे ना? मग अंदाजाने सांगा."

"शेवट आय-एल-एल आहे. फणी ओळखली. पण हे केळं मी पाहिलेलं नाही, आणि बाटली अंदाजाने उघडायची नसते."

मी मागे उभी होते. मलाही तो शब्द येत नव्हता. बाई हसल्या. "स्क्विल. रानकांद्यापासून करतात. खोकल्यावर देतात."

"रानकांदा? तो आमच्या सोनगीरला किल्ल्याच्या उतारावर हवा तितका उगवतो. फार खाल्ला तर उलट्या होतात."

"तेच पुढे शिकवायचं होतं," असं म्हणत बाईंनी टाक उचलला आणि अक्कांना त्यांचं संपूर्ण नाव विचारलं.