कच्ची कॅसेट

लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला आली तेव्हा विनताने पुण्याहून जबलपूरला आत्याला फोन केला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, आणि मग जरा अडखळत तिने विचारलं, "आत्या, तू माझ्या लग्नात होतीस ना ग?"

सत्यवतीबाई दीक्षितपुऱ्यातल्या घरी भावाच्या रात्रीच्या गोळ्या वाटीत काढत होत्या. त्यांनी गोळ्या काढून पूर्ण केल्या. मग म्हणाल्या, "होती न. काहून?"

"काही नाही ग. परवा पेन ड्राइव्ह लावला होता. पोरगी म्हणाली, तुझी आत्या यात दिसत नाही. मी शेवटपर्यंत पाहिलं, तू खरंच कुठे नाहीस. मग मलाच वाटायला लागलं, तुला तेव्हा ताप वगैरे होता का?"

"ताप नव्हता," सत्यवतीबाई म्हणाल्या, आणि दादाला पाणी द्यायचं आहे असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

प्रश्नात खोट नव्हती, आणि म्हणूनच त्यावर रागावता येत नव्हतं. विनताने आपल्या लग्नाचं चित्रण इतक्यांदा पाहिलं होतं की तिला आता लग्न आठवत नव्हतं, चित्रण आठवत होतं. ज्या बाईने लग्नाच्या सकाळपर्यंत तिच्या वेण्या घातल्या ती चित्रणात नव्हती. तेव्हा ती लग्नातही नसावी, हा निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

सत्यवतीबाईंच्या वडिलांनी अमरावती सोडून इथे रेल्वेत नोकरी धरली होती. पुढे राज्यांची फेरवाटणी झाली, वऱ्हाड तिकडे गेलं आणि हे घर इकडे राहिलं. सत्यवतीबाईंचं लग्न वऱ्हाडातच झालं, आणि बाविसाव्या वर्षी नवरा गेल्यावर त्या भावाकडे, चिंतामणरावांकडे, परत आल्या. मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवलं. वहिनी सरोजिनी नाजूक प्रकृतीची, म्हणून विनताचं न्हाऊमाखू, शाळा, गोवर, कांजिण्या हे सगळं आत्याकडे आलं. शेवटी लग्नही आलं.

लग्न त्र्याण्णव सालचं, घरासमोरच्या मांडवातलं. चिंतामणराव आणि सरोजिनी कन्यादानाला बसलेले, त्यामुळे उरलेला सगळा कारभार सत्यवतीबाईंनी चालवला. तो त्यांनी घराच्या दारात उभं राहून चालवला. मंगलकार्यात विधवेने पुढे येऊ नये असं त्यांना कोणी म्हटलं नाही. तसं म्हणायची पाळी कोणावर येऊ न देणं हा त्यांच्या वळणाचाच भाग होता. चित्रण करणारा रज्जन भैया मोठा दिवा घेऊन फिरत होता. दिव्याचा झोत दाराकडे वळला की त्या उंबऱ्याच्या आत सरत, झोत गेला की पुन्हा बाहेर येत. अशाने त्या रीतीच्याही आड आल्या नाहीत आणि रज्जन भैयाच्याही.

मात्र आवाजाला उंबरा नसतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

लग्नानंतर रज्जन भैया कच्ची कॅसेट घेऊन घरी आला. कोणता भाग ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे घरच्यांनी सांगायचं, मग त्याने जोडकाम करून पक्की कॅसेट द्यायची, अशी पद्धत होती. सत्यवतीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा टीव्हीवर अंतरपाट धरलेला दिसत होता आणि मंगलाष्टकांच्या डोक्यावरून एक आवाज येत होता: "पुंडलिक, अक्षता मागच्या लोकांना भेटल्याच नाहीत, ते ताट तिकडे ने! अरे, समईत तेल पाहा कोणीतरी!"

चिंतामणरावांनी कपाळाला हात लावला. "सत्या, अग सगळीकडे तुझाच आवाज! लग्न लागून राहिलं का बाजार भरून राहिला?"

सगळे हसले. सत्यवतीबाईही हसल्या.

"भैया, ये आवाज़ हटाओ. गाने डाल दो," चिंतामणराव म्हणाले.

"हो जाएगा, भाईसाहब. सब यही करवाते हैं."

ते खरंच होतं. सगळेच गाणी टाकत. अन्याय हा शब्द त्या खोलीत कोणाला सुचला नाही, सत्यवतीबाईंनाही नाही. त्यांनी रिकामे कप उचलले आणि रज्जन भैया चपला घालत असताना बाहेरच्या खोलीत त्याला गाठलं.

"या कच्च्या कॅसेटचं पुढे काय करता?"

"कुछ नहीं, बुआजी. इसी के ऊपर अगला काम. परसों ग्वारीघाट पे मुंडन है."

"मुंडन नई कॅसेट पे कर लो. नई मैं देती हूँ. ही मला द्या."

"पर इसमें है क्या? काट-छाँट कुछ नहीं, और आवाज़ तो पूरी कचरा है."

"कचराच पाहिजे मला," सत्यवतीबाई म्हणाल्या. जोडकाम उरकल्यावर अदलाबदल झाली.

पुढची काही वर्षं, घरात व्हीसीआर होता तोवर, हिवाळ्याच्या तोंडाशी त्या ती कॅसेट एकदा पूर्ण चालवून पुन्हा गुंडाळत. न फिरवलेली फीत चिकटते, असं रज्जन भैयाने सांगितलं होतं. भाऊ कचेरीत असतानाची वेळ त्या निवडत. बसून पाहत नसत. गहू निवडता निवडता ऐकत. मग व्हीसीआर बिघडला, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि तो भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. कॅसेट ट्रंकेत राहिली.

पक्की कॅसेट मात्र काळाबरोबर चालली. तिची सीडी झाली, सीडीची डीव्हीडी, डीव्हीडीचा पेन ड्राइव्ह. प्रत्येक वेळी लग्न थोडं आखडलं. सीडीत वरातीतली बैलगाडी गेली, डीव्हीडीत नवऱ्याच्या मामाचं रुसणं गेलं. मामांकडच्यांनी ते आपणहून काढवून घेतलं असंही म्हणतात. पेन ड्राइव्हवर उरलं ते पाऊण तासाचं लग्न होतं. त्यात सगळे हसत होते आणि सगळे गाण्याच्या तालावर चालत होते.

विनताच्या फोनची ती रात्र गेली. "होती" असं सत्यवतीबाईंनी सांगितलंच होतं, आणखी सविस्तर सांगणंही अवघड नव्हतं. पण ज्या मुलीला आपण वाढवलं तिला आपली हजेरी साक्षीपुराव्याने पटवावी, ही कल्पना त्यांना सोसेना. विनताला ते स्वतःहून आठवायला हवं होतं. सकाळी त्यांनी कॅसेट पिशवीत घातली आणि ऑटोने राइट टाउन गाठलं.

रज्जन भैयाचं दुकान आता पासपोर्टच्या फोटोंवर चाले. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी त्याने कॅसेट उजेडात धरली, फीत जमेल तितकी पुसली आणि मागच्या खोलीतल्या जुन्या व्हीसीआरमध्ये घातली. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. पाचदहा मिनिटांनी एखादी पिवळी साडी तिरपी होऊन जाई, पुन्हा मुंग्या.

"पिक्चर तो गई, बुआजी. फफूँद खा गई." फितीला बुरशी लागली होती.

एवढ्यात मुंग्यांमधून खणखणीत आवाज आला: "वरपक्षाच्या पाटांवर काहून बसून राहिले तुम्ही? उठा!"

रज्जन भैया खुर्चीवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. "अरे, ये तो आप हैं!"

"हो."

तो वेळ मन लावून ऐकत राहिला. मग म्हणाला, "साफ कर दूँ? कंप्यूटर से पीछे का शोर निकल जाता है."

"त्यातला शोर कोणता आणि मी कोणती, हे कंप्यूटरला कोण सांगेल?"

रज्जन भैयाने विचार केला आणि तो बेत सोडला. त्याने दुसरा मार्ग सुचवला: दुकानात जपून ठेवलेल्या पक्क्या लग्नातलं चित्र घ्यायचं, गाणी काढायची आणि खाली हा आवाज लावायचा. लगेच करूनही पाहिलं. पडद्यावर विहीणबाई भरजरी शालूत, मंद पावलांनी मांडवात आल्या आणि त्याच क्षणी आवाज गरजला, "ती गाय पत्रावळीत तोंड घालून राहिली, हाकला तिला आधी!"

रज्जन भैयाने हसण्यासाठी तोंड फिरवलं. सत्यवतीबाईंचा चेहरा हलला नाही.

"विहीणबाई अजून आहेत," त्या म्हणाल्या. "हे नाही चालणार. मुंग्याच राहू द्या."

लग्नाच्या पंचविशीचा समारंभ जबलपूरलाच होता; विनता आली ती त्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पाऊण तासाचं लग्न दाखवायचं ठरलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर सत्यवतीबाईंनी तिच्या हातात नवा पेन ड्राइव्ह दिला.

"हे काय?"

"लाव तर."

चिंतामणराव आरामखुर्चीत होते. त्यांना आता ऐकू येत नसे आणि यंत्र कानात घालायला ते तयार नसत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "टीव्ही बिघडला काय?"

"माझं लग्न आहे, बाबा!" विनता ओरडून म्हणाली.

"आम्ही तर एवढा खर्च केला होता," चिंतामणराव म्हणाले, आणि डोळे मिटले.

विनता आधी हसत होती. गाय आली तेव्हा तिने मांडीवर थाप मारली. मग हळूहळू तिचं हसणं थांबलं. मुंग्यांमध्ये कोणी दिसत नसल्यामुळे ती ऐकायला लागली. भटजी, ताशा, भांडी, लहान मुलं, आणि या सगळ्यातून वाट काढत आत्या. सत्यवतीबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या विनताकडे पाहत होत्या.

"अरे, नवरी सकाळपासून उपाशी आहे," आवाज म्हणाला, "तिला कोणी काही विचारलं काय?"

उत्तर आलं नाही. पावलं वाजली आणि आवाज काही काळ बंद झाला.

विनताने रिमोट खाली ठेवला. ती कपाळाला आठ्या घालून बसली.

"सरबत," ती म्हणाली. "लिंबाचं. स्टीलच्या उंच गिलासात. मी बोहल्यावर जायच्या आधी, मागच्या खोलीत." ती थांबली. "खारट होतं ग ते. फारच खारट होतं."

जी बाई लग्नात नव्हती तिच्या सरबतात मीठ जास्त झालं, असा आरोप कोणी करत नाही.

"खारट नव्हतं," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"होतं, आत्या! मी दोन घोट घेतले आणि तुला परत दिलं."

"पुरं प्याली होती तू. मी समोर उभी होती."

"समोरच उभी होतीस, म्हणून तर तेवढे तरी प्याले!"

"चल, काही पण बोलून राहिली," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि पदर खोचून तिच्याकडे वळून नीट बसल्या. त्यांना हा वाद संपवायची घाई नव्हती. "मीठ मी स्वतः चाखलं होतं."