विहित मुदतीत

ऑफिसातून टॅला उपनगरातल्या आमच्या घरी पोचले, तर दाराशी आईची बॅग भरून ठेवलेली. काय झालं ते विचारायच्या आधी मी चिडले. माझं हे नेहमीचंच.

"जावईबापू यायच्या आत माझं तिकीट बघ," आई हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्या नोकरीला माझ्यामुळे काही व्हायला नको. चिवडा प्रेसमध्ये ठेवलाय." कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणायला तिला नातीने शिकवलं होतं.

मग तिने फोन पुढे केला. 'आपणांस उद्देशून कूटबद्ध संदेश प्रेषित करण्यात आला आहे. विहित मुदतीत ओळख सिद्ध न केल्यास सदर संदेश रद्द समजण्यात येईल.' तिला वाटलं, व्हिसाची नोटीस आली. सोमवारपासून ती हे एकटीच मनात घेऊन बसली होती. बेल वाजली तरी दार उघडत नाही म्हणून परवाच मी तिच्यावर ओरडले होते.

ती वाक्यं माझी होती. आमची कंपनी कुलूपबंद ईमेलचं सॉफ्टवेअर बनवते. पत्र ज्याचं त्यालाच उघडता येतं. त्याबरोबर जाणारा ठरावीक मजकूर भाषेभाषेत लिहून घेतात. मराठीचा मी हौसेने मागून घेतला होता. 'तुम्हाला पत्र आलंय, फक्त तुम्हालाच उघडेल' असं लिहिलं तर पोरकट दिसेल, असं वाटलं. कोणाला दिसणार होतं कोण जाणे. ऑफिसात मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतंच. आणि आमचंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर आईची भाषा मराठी, हेही मीच मोठ्या अभिमानाने भरलं होतं.

तिची जन्मतारीख टाकून मी पत्र उघडलं. तिच्या हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट होता. सगळं ठीक आहे, गोळ्या त्याच चालू ठेवा. वाचून दाखवलं तशी ती बॅगेवरच बसली आणि पदराने चेहरा पुसत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच किटली भरायला गेले.

"मग सरळ रिपोर्ट आलाय म्हणायचं ना," ती मागून म्हणाली. "किती घाबरले मी."

"कंपनीवाले असंच लिहितात गं."

"त्यांच्यात आपलं मराठी माणूस नसेल कोणी. असतं तर असं लिहिलं नसतं."

किटलीचं बटण दाबून मी म्हटलं, "नसेल."