सुई रफिकभाईंकडे वळली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. माझं शिक्षण भूभौतिकशास्त्राचं... जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, ही सवय. पण हे मोजता येत होतं. भीती त्याचीच वाटते.

कापसाच्या संकटाची ती वर्षं. झरी जामणीकडच्या गावात अनोळखी जीप शिरली की लोक आधी गप्प व्हायचे. कुणाच्या तरी घरी आत्महत्येच्या चौकशीला आले, असं वाटायचं. आमचं काम वेगळंच होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत किंचित हलत असतं, त्यामुळे जमिनीत विजेचे मंद प्रवाह वाहतात. वर काळा दगड, त्याखाली जुने गाळाचे थर – त्यातला कोणता थर वीज सहज वाहू देतो, हे चुंबकीय नोंदींवरून कळतं. त्यासाठी शेतात खड्डा करून सेन्सर पुरायचा आणि जवळपास लोखंड फिरकू द्यायचं नाही.

ही जागा सुमनबाईंच्या वावरात होती, जंगलाला लागून; त्या स्वतः बघायला आल्या होत्या. वेचणी संपलेली, कापसाच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या. जीप दूर रस्त्यावर ठेवलेली. सोबत ड्रायव्हर रफिकभाई – पुसदचे, थट्टेखोर माणूस. भर दुपार, लख्ख ऊन. सेन्सर पुरून झाला होता, दिशा तपासायची म्हणून मी होकायंत्र लाकडी खोक्यावर ठेवलं... आणि सुई उत्तरेला थांबेना. ती रफिकभाईंकडे वळली.

"रफिकभाई, खिशात काय आहे?"

"काही नाही मॅडम. चाब्या जीपमधीच हायेत."

घड्याळ, पट्टा, चपला... सगळं त्यांनी बांधावर काढून ठेवलं. सुई हटली नाही. ते डावीकडे गेले, सुई डावीकडे. मागे गेले, सुई मागे. आधी ते हसत होते, मग हसू गेलं. मी खोक्याभोवती फिरून पाहिलं, सुमनबाईही फिरल्या. सुई आमच्याकडे ढुंकूनही बघेना.

सुमनबाई हळूच म्हणाल्या, "मह्या वावरात काय गाडलं बाई तुम्ही?"

"नुसतं यंत्र आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"मी दूर जाऊन पाह्यतो," म्हणत रफिकभाई निघाले ते पार पळसाच्या झाडांपर्यंत गेले. तेवढ्या अंतरावरून अख्ख्या जीपनेही सुई हलली नसती. पण ती त्यांच्या मागोमाग सरकत राहिली. मग थरथरायला लागली. तिचं टोक खाली झुकलं, तळाला घासल्याचा बारीक आवाज आला... आणि एकदम सुटल्यासारखी ती उत्तरेला जाऊन थांबली.

मी मान वर केली. रफिकभाई उभे नव्हते.

आम्ही दोघी धावलो. ते पालथे पडले होते, दोन्ही मुठींत माती, डोळे उघडे. श्वास चालू होता, पण हाकेला ओ नाही. कसंबसं त्यांना जीपमध्ये घातलं, गाडी मीच चालवली. सुमनबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत ते बोलले.

"मॅडम, मले ओढून राह्यलं होतं."

"कोण?"

"कोनी दिसलं नाही. हात धरून नाही... अंदरून. खाली."

दवाखान्यात सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं असेल.

सेन्सरच्या नोंदीत त्या दुपारी मोठा उंचवटा आला होता. जवळच्या दुसऱ्या गावातल्या आमच्या सेन्सरची रेघ मात्र त्याच वेळी अगदी शांत. म्हणजे आकाशातून आलेलं चुंबकीय वादळ नव्हतं, ते दोन्हीकडे दिसलं असतं; जे होतं ते तिथलंच. ऑफिसात साहेब म्हणाले, कुणीतरी लोखंड जवळ नेलं असणार. तो तुकडा 'नॉइज' म्हणून वगळला आणि नकाशा तयार झाला. त्यात सुमनबाईंचं वावर बाकीच्यासारखंच दिसतं. त्यांनी मात्र पुढे तो कोपरा पेरला नाही, असं ऐकलं.

रफिकभाईंनी ड्रायव्हरकी सोडली. पुसदला गॅरेज टाकलं. मध्यंतरी मी गेले होते. दुकानात गंजलेले पत्रे, इंजिनं, गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे छतापर्यंत रचलेले. त्यांच्यामध्येच त्यांची खाट. घर जवळ असूनही ते तिथंच झोपतात.

मी विचारलं, "इतकं भंगार कशाला जमवलंय, रफिकभाई?"

त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "इथं चारी बाजूनं लोखंडच हाय, मॅडम," ते म्हणाले. "इथं त्याले मी सापडत नाही."