विहीणबाईंनी अडवलेला केक

लग्नाच्या केकची पहिली ऑर्डर आली तेव्हा मला केकची काळजी नव्हती, फोटोची होती. वाढदिवसाचे केक मी घरी कधीपासून करत होते. पण लग्नाचा केक म्हटलं की लोक आधी विचारतात, "केलाय का कधी? फोटो दाखवा." आणि फोटो दाखवायचा तर आधी कोणीतरी ऑर्डर द्यायला हवी. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका नवरीनं ती दिली. लग्न मात्र आमच्या हिंगोलीत, नरसी रोडवरच्या मंगल कार्यालयात. तीन मजली, पांढराशुभ्र, बिनअंड्याचा केक. संध्याकाळी रिसेप्शनला नवरा-नवरी तो कापतील, फोटोग्राफर समोरून एक झकास फोटो काढेल आणि त्या फोटोच्या जोरावर पुढच्या ऑर्डरी येतील, असे माझे मनातले मांडे.

कार्यालयाचे मॅनेजर पिकल्या मिशांचे, तोंडानं फटकळ. मी आधीच भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "केकला एसी? बाई, इथं नवरीच्या बापाला पंखा मिळून न्हाई राहिला, अन् केकला एसी!"

एसी एकाच खोलीत होता, आणि ती खोली नवरदेवाकडच्या मंडळींची. मे महिन्यात क्रीमचा केक बाहेर ठेवला तर त्याची कढीच होणार. मी खुर्ची ओढून बसले. माझा स्वभावच तसा आहे, एकदा बसले की काम झाल्याशिवाय उठत नाही. शेवटी मॅनेजरकाकांनीच चहा मागवला.

"अंडं न्हाई ना त्याच्यात? मंग ठेवा कोपऱ्यात. त्यान्ला मी सांगतो बराबर."

लग्नाच्या दिवशी दुपारी केक मांडीवर घेऊन गाडीत बसले. रस्ताभर "हळू, हळू" म्हणून नवऱ्याचा जीव खाल्ला. काकांनी स्वतः दार धरलं, केक खोलीत ठेवून घेतला, तिथल्या बायकांना "नवरीकडून आलंय, नीट सांभाळा" एवढंच सांगितलं आणि पंगतीकडे पळाले. मी स्टेजवरचं टेबल सजवायला गेले.

संध्याकाळी केक न्यायला आले तर खोलीला कुलूप. दारात खुर्ची टाकून नवरदेवाची आई बसलेली, किल्ली कमरेला. त्यांनी कौतुकानं दार उघडून दाखवलं. केक शाबूत होता, घट्ट, अगदी हवा तसा. फक्त सगळ्यात वरच्या थरावर हळदी-कुंकवाची दोन बोटं ओढलेली. माझं डोकंच तापलं.

"काकू, हे काय केलं?"

"काहून? रुखवत आलं घरात, हळद-कुंकू नको?"

लेकीसोबत आई फराळाची, शोभेची ताटं पाठवते तसंच हेही आलं, असं त्यांनी धरलं होतं. म्हणजे केकही आल्यागेल्याला दाखवून, न फोडता घरी न्यायचा.

"रुखवत न्हाई काकू, केक हाय. स्टेजवर कापायचाय."

"कापायचा?" त्या दारात आडव्या झाल्या. "सुनेच्या माहेरचं आलेलं मी कापू देणार न्हाई."

काका धावत आले, हात जोडले, "माय, लोकं खोळंबलेत" म्हणाले. त्या हलल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणून बोलल्या.

"माझ्या लग्नात आईनं लई राबून रुखवत केलतं. अनारसे, करंज्या, साखरेचं तुळशीवृंदावन. इकडच्या पोरांनी मांडायच्या आधीच फोडून खाल्लं. कोणी बघितलंबी न्हाई. आई नुसती रिकामी ताटं गोळा करत राहिली. ह्या पोरीच्या आईचं तसं होऊ देऊ का मी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी म्हणाले, "काकू, हे नवरीच्या आईनं न्हाई केलेलं. मी केलंय."

"पण आलं तर तिच्याकडून ना?"

"व्हय," मी म्हणाले. "मंग असं करू. आधी समद्यांना दाखवू, अन् मंग तिच्या आईच्याच हातानं कापू." नवरा-नवरीचा तो फोटो आता गेला, हे बोलता बोलताच मला कळत होतं.

काकूंनी किल्ली काकांच्या हातात दिली. "विहीणबाईला मी आणते," म्हणाल्या आणि निघाल्या.

नवरीची आई मागे जिलबीच्या कढईपाशी होती, पदर खोचून वाढप्यांवर ओरडत. दिवसभरात ती स्टेजकडे फिरकली नव्हती. काकूंनी तिला तशीच हाताला धरून आणली. इकडे काका माइकवरून सांगत होते, "नवरीच्या माहेरून आलंय, समद्यांनी बघून घ्या!" आणि लोक खरंच रांगेनं येऊन, वाकून केक बघून गेले. नवरीला वाटलं होतं काय आणि चाललं होतं काय! पण आईला स्टेजवर चढताना पाहून ती रडायलाच लागली. सुरी तिनं स्वतःच आईच्या हातात दिली.

"कुठून कापू गं बाई?" आईनं मला विचारलं. काकूंनी तिच्या सुरीच्या हातावर आपला हात ठेवला. दोघी वाकल्या, दोघींचे पदर सुटून केकपुढे आले, आणि फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला.

पुढच्या फोटोसाठी केक उरलाच नाही. लोकांनी बघता बघता फस्त केला, हळदी-कुंकवाच्या थरासकट.

त्यामुळे नवं गिऱ्हाईक फोटो मागतं तेव्हा मी तोच दाखवते, त्यातल्या दोघी कोण तेही सांगते. परवा एका नवरीची आई लेकीसोबत आली होती. लेक क्रीमचे रंग बघत होती, आई तो फोटो हातात धरून बसली.

"केक दिसून न्हाई राहिला त्याच्यात," मी आधीच म्हणाले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. मग लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "मला बी बोलावतील का हो असं स्टेजवर?"