सहा बरण्यांची झाकणं

मला राग पटकन येतो. मूळची नागपूरची, त्यात इतकी वर्षं समुद्रतळाचा चिखल चाळून त्यातले किडे, शिंपले, तारामासे वेगळे करायचं काम करतेय. सगळी सहनशक्ती किड्यांवरच संपते, माणसांसाठी उरत नाही. अमेरिकेत ॲन आर्बरच्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेली पोरं पहिला महिना मला टरकूनच असतात. ही मुलगी मात्र टरकली नाही. टेक्सासच्या शुगर लँडमध्ये वाढलेली, मराठी मोडकंतोडकं, पण पहिल्याच दिवशी तिने मला मावशी करून टाकलं आणि मोकळी झाली.

तिची पीएचडी अलास्कातल्या एका फिऑर्डवर होती. फिऑर्ड म्हणजे हिमनदीने डोंगर कोरून केलेली खोल, अरुंद खाडी. आमच्या खाडीच्या टोकाशी अजून बर्फाचा कडा उभा आहे आणि त्याच्या पायथ्यातून दळलेल्या दगडाचं पीठ सतत पाण्यात उतरत असतं. तळावरच्या प्राण्यांच्या अंगावर ते बसतच राहतं. एका जागी बसून राहणारे त्यात गाडले जातात आणि उकरत वर येणारे तगतात, असं सगळे म्हणतात. ते या खाडीत खरं आहे का, कड्याच्या अगदी जवळ कोण जगतं आणि थोडं अलीकडे कोण, हेच तिला बघायचं होतं. तिची सगळी पीएचडी या एका प्रश्नावर उभी होती.

बोटीवर आम्ही तिघंच होतो: ती, मी आणि बोटीचा म्हातारा कप्तान. लोखंडी जबडा तळाशी सोडायचा, तो घासभर चिखल घेऊन वर येतो, तो चाळणीत धुवायचा आणि उरलेले प्राणी बरणीत घालून ते कुजू नयेत म्हणून वर फॉर्मलिन ओतायचं. यात माझा एक नियम आहे. बरणीच्या आत, प्राण्यांच्या सोबत, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी गेलीच पाहिजे. झाकणावर काय वाटेल ते लिहा, पण झाकणावर भरवसा ठेवायचा नाही. हे मी त्या पोरीच्या कानीकपाळी इतकं ओरडले होते की मी तोंड उघडलं की तीच पुढचं म्हणायची.

त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी दोन जागा उरल्या होत्या. सकाळी अलीकडच्या जागेवर तीन बरण्या भरल्या आणि मग कड्याकडे निघालो. वारा फिरला होता आणि बर्फाचे तुकडे खाडीत दाटत चालले होते. कप्तानाने आधीच सांगून ठेवलं होतं, मी म्हणेन तेव्हा निघायचं, वाद नको. समोर कडा मधूनच कडाडायचा आणि बोट हलायची.

चिठ्ठ्यांची वही मी सकाळीच मुक्कामाच्या खोलीवर विसरून आले होते. दुसरी वही तिच्या जॅकेटच्या खिशात होती आणि ती पलीकडे जबड्याचा दोर सांभाळत होती. नुसतं मागायचं होतं. पण मागितली असती तर ती हसली असती, मावशी विसरली म्हणून. तेवढं हसू मला झेपलं नाही. मी सहाही झाकणांवर मार्करने लिहिलं आणि ठरवलं की चिठ्ठ्या नंतर घालू.

कड्याजवळची तिसरी बरणी भरली तसा कप्तानाने बोट वळवली. मी सहा बरण्या आत सिंकपाशी नेल्या. झाकणांच्या आट्यांमध्ये चिखल अडकला होता, त्याने झाकण नीट बसत नाही आणि फॉर्मलिन गळतं. म्हणून मी झाकणं काढली. एकेक काढून, धुऊन, लावायला हवं होतं. मी घरी लोणच्याच्या बरण्यांची काढते तशी सहाही एकदम काढली, सिंकमध्ये टाकली आणि नळ सोडला. पहिलं झाकण पुसून हातात घेतलं तेव्हा कळलं.

झाकणावर लिहिलेलं स्वच्छ वाचता येत होतं. ते कुठल्या बरणीचं होतं, तेवढंच माहीत नव्हतं.

एका बरणीत काचेला चिकटून सर्पतारका दिसत होती, तारामाशाची जातभाई, तिचे बारीक पाच हात वळलेले. दुसरीत नुसते दोऱ्यासारखे, चिखल उकरणारे किडे. मनात आलंच, खोटं कशाला सांगू. किडे असलेल्या तीन कड्याजवळच्या आणि सर्पतारका असलेल्या अलीकडच्या, अशी झाकणं लावून टाकली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. उत्तरही सगळे म्हणतात तेच आलं असतं. पण तोच तर तिचा प्रश्न होता. उत्तर गृहीत धरून मी झाकणं लावायची आणि तिने पुढची दोन वर्षं त्या झाकणांवरून तेच उत्तर शोधून काढायचं. तरीही मी एक झाकण उचलून सर्पतारकेच्या बरणीवर टेकवलं होतं. माझी मला लाज वाटली.

मी तिला आत बोलावलं आणि सांगितलं.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने सिंकमध्ये बघितलं, बरण्यांकडे बघितलं. "चिठ्ठ्या?" तिने विचारलं. नाही, वही खोलीवर राहिली, मी म्हणाले. ती तडक कप्तानाकडे गेली. काचेतून ती हातवारे करून त्याला परत कड्याकडे चल म्हणताना दिसत होती आणि तो मान हलवत होता. मागे आमची वाट बर्फाने बुजत चालली होती. मीही जाऊन त्याला विनवलं, आयुष्यात कुणाला विनवलं नाही तसं. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, चिखलासाठी तुम्हाला बुडवणार नाही.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मावशी, आय लॉस्ट अ होल इयर," ती म्हणाली. "तू मला विचारायचं होतंस ना. जस्ट विचारायचं होतंस."

मी सॉरी म्हणाले. तो शब्द तिथे किती तोकडा पडला ते मला आजही आठवतं. तिने खिशातून वही काढली आणि सहा चिठ्ठ्या लिहिल्या. जागा: माहीत नाही. एकेक चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने बरणीत घातली. परतीच्या विमानात आम्ही वेगवेगळ्या रांगांत बसलो. तिनेच सीट बदलून घेतली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा गेली, मला न घेता. मी लॅबमध्ये इतर कामं करत राहिले, पण जीव सगळा तिकडे होता. वारा, बर्फ, तो कप्तान, सगळं डोळ्यांसमोर यायचं, पण बोलणार कुणाशी. मग तिच्या बरण्यांची खोकी आली. प्राणी निवडून वेगळे करायचं काम माझंच, तेवढं तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. त्याचा अर्थ काय लावायचा हे मी तिला विचारलं नाही.

पहिली बरणी उघडली, चिमट्याने चिठ्ठी बाहेर काढली आणि पाण्यात हलवली. पेन्सिलीचं अक्षर, ठसठशीत. कड्याजवळची जागा, खोली, तारीख. शेवटची ओळ असते ती नमुना गोळा करणाऱ्यांची. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर तिथे आम्हा दोघींची नावं असायची. इथे एकच होतं.

बरोबरच लिहिलं होतं तिने. मी तिथे नव्हते.