रादकाबाईंचा होकार

तंजावूरमध्ये परदेशी पाहुणा आजारी पडला की लॉजवाले पहिला फोन वसुमती टीचरला करतात, दुसरा डॉक्टरला.

वसुमतीला काही दहा भाषा येत नव्हत्या. सरकारी मुलींच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तमिळ चांगलं, इंग्रजी पुस्तकी, आणि घरात मराठी. ती मराठी म्हणजे पूर्वजांनी भोसल्यांच्या काळात इकडे आणलेली, तमिळ हेलात मुरलेली. 'मला' म्हणायच्या जागी 'मज' म्हणायचं, आणि कधी लिहायची वेळ आलीच तर तमिळ लिपीत लिहायचं. एवढ्या भांडवलावर तिने हे काम आरंभलं, आणि तेही ठरवून नाही.

झालं असं, की तिच्या माडीवर डेन्मार्कची एक मुलगी भाड्याने राहत होती. भरतनाट्यम शिकायला आली होती. एकदा तिला ताप आला, दवाखान्यात गेली, औषध घेऊन आली. संध्याकाळी ती खाली आली आणि अतिशय नम्रपणे विचारू लागली, की दुकानदाराने दहाच गोळ्या दिल्यात, तर उरलेल्या एक्याण्णव कुठे मिळतील? वसुमतीने पाकीट बघितलं. त्यावर लिहिलं होतं १-०-१. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मुलीने ते एकशे एक वाचलं होतं. वर आपल्या पोटात एवढ्या गोळ्या मावतील की नाही याचीच तिला काळजी, औषधावर शंका नाही. वसुमतीने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर स्वतः दवाखान्यात गेली. तेव्हापासून हा व्याप तिच्या मागे लागला तो लागलाच.

तिच्याजवळ एकच आयुध होतं. शाळेतून मोडीत निघालेला, माणसाच्या शरीराचा भलामोठा तक्ता. कातडी काढलेला एक इसम त्यावर हात पसरून उभा होता. दुखतंय कुठे ते रोग्याने त्या इसमावर बोट ठेवून दाखवायचं. तक्त्याची खालची कड शाळेतल्या उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे इसम घोट्याखाली संपत होता. पण आजवर पायाचा रोगी आला नव्हता.

तो मे महिन्यात आला. जुन्या बसस्टँडजवळच्या लॉजचे मॅनेजर सांबशिव यांचा सकाळी फोन. बल्गेरिया नावाच्या देशातली एक बाई, वय सदुसष्ट, एकटी, मोठं देऊळ बघायला आलेली. भर दुपारी चपला बाहेर ठेवून तिने त्या तापलेल्या फरशीवरून देवळाला सबंध प्रदक्षिणा घातली, प्रत्येक मूर्तीपाशी थांबत. तळव्यांना फोड आले. बाई दुसऱ्या दिवशी तशीच कुंभकोणम करून आली. आता एक पाय सुजून केळीच्या खोडासारखा झाला होता आणि अंगात ताप फणफणत होता. इंग्रजी तिला येत नव्हतं. सांबशिवांनी तिला ऑटोत घालून रुग्णालयात पाठवलं होतं.

वसुमती तक्त्याची गुंडाळी काखेत धरून रामस्वामींच्या स्कूटरवर मागे बसली. रामस्वामी म्हणजे तिचे यजमान, वीजमंडळातून निवृत्त झालेले, स्वभावाने अबोल. बायकोच्या या समाजसेवेत त्यांचं काम स्कूटर चालवणं आणि कॉफी आणणं, आणि ते त्यात समाधानी होते.

रुग्णालयात नर्स अखिला भेटली. ती वसुमतीचीच जुनी विद्यार्थिनी, शेवटच्या बाकावरची. ती खुशीत होती. म्हणाली, "टीचर, आज तुमची गरजच पडली नाही. पेशंट फार गुणाची आहे. आपण विचारायचं, ती मान हलवून उत्तर देते. अख्खा फॉर्म भरून झाला."

वसुमतीला मनातून थोडं लागलं. एवढं ऊन डोक्यावर घेऊन यायचं आणि आपली गरज नाही म्हणायचं. तरी तिने फॉर्म हातात घेतला. वर इंग्रजीत नाव होतं. तिने ते 'रडका' असं वाचलं आणि पोरीचं असं नाव ठेवणाऱ्या आईबापांची तिला कीव आली. मग खाली वाचत गेली. मधुमेह आहे. रक्तदाब आहे. दमा आहे. मूतखडा आहे. कावीळ होऊन गेली आहे. गरोदर? तिथेही 'हो', पण पुढे अखिलाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. एवढ्या सगळ्या यादीत 'नाही' एकाच ठिकाणी होतं. औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, पेनिसिलिनची? नाही.

ही बाई विमानापर्यंत पोचलीच कशी, असं वसुमतीच्या मनात आलं.

डॉक्टर भरद्वाज तरुण होते, हुशार होते, आणि त्यांनाही हे जरा कोड्यासारखंच वाटत होतं. रक्तातली साखर तपासली तर अगदी बरोबर. रक्तदाब एखाद्या मुलीसारखा. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला, की बाई औषधं फार नियमित घेत असणार. त्यांना बोच होती ती वेगळ्याच गोष्टीची. ते काहीही विचारायला गेले की बाई मधूनच 'दा, दा' करायची. तमिळमध्ये 'डा' म्हणजे 'अरे'. धाकट्या भावाला, नाहीतर चहाच्या टपरीवर मित्राला म्हणायचं. एमडी झालेल्या माणसाला पेशंटसमोर अरेतुरे? अखिलाने हे वसुमतीच्या कानात सांगितलं. वसुमती म्हणाली, तिच्या वयाला शोभतं, म्हणू दे.

पायातल्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते औषधांच्या दुकानातून यायचं होतं. फोनमधून भाषांतर करायचा प्रयत्न कुणीतरी केला होता, पण त्या वॉर्डात रेंज नव्हती. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. आणि उत्तरं मिळतच होती, तेव्हा फोनची एवढी फिकीर कुणी केली नाही.

पलंगावर रादकाबाई उशीला टेकून बसली होती. गोरीपान, हाडापेराने मोठी, पांढऱ्या केसांची वेणी, ताप असूनही डोळे हसरे. वसुमतीने सवयीने तक्ता उलगडला. बाईने इसमाकडे बघितलं, त्याचा घोटा शोधला, त्याखाली पाय नाही असं दिसल्यावर आपला सुजलेला पाय उचलून तक्त्याच्या खाली धरला. वसुमतीला ती तिथल्या तिथे आवडली.

काही खाल्लेलं दिसत नव्हतं, म्हणून तिने रामस्वामींना कँटीनला पाठवलं. ते इडली आणि कॉफी घेऊन आले.

"कॉफी?" रामस्वामींनी विचारलं. हा शब्द तरी जगभर एकच.

बाईने हसून मान डावीकडून उजवीकडे हलवली. नको तर नको, म्हणून त्यांनी पेला खिडकीत ठेवला. बाईची नजर पेल्याबरोबर खिडकीपर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

मग त्यांनी इडलीची बशी पुढे केली. बाईने मान ठासून वरखाली केली आणि म्हणाली, "ने. ने."

रामस्वामींनी बशी तिच्या मांडीवर ठेवली. त्याच क्षणी वसुमतीने ती उचलली.

"खाते म्हणत्ये ती. काढून का घेतलीस?" रामस्वामी म्हणाले.

"अहो, ने म्हणट्ली की ती. मज नीट ऐकू आलं."

"मान कशी हलवली बघितलीस ना?"

वसुमती बशी हातात घेऊन उभी राहिली. खरंच, आपण हे काय केलं? बल्गेरियातली बाई, ती मराठीत कशाला बोलेल? घरात 'हे ने' म्हटलं की उचलून न्यायचं, ही पन्नास वर्षांची सवय, तिने हात परस्पर चालवला होता. पण बाईचा चेहरा बघितला तर बशी गेल्याने तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता. आणि आता ती खिडकीतल्या कॉफीकडे बोट दाखवत होती. पेला दिला तर तिने तीन घोटांत संपवला.

बत्तीस वर्षं मुलींच्या माना बघत वसुमतीने शिकवलं होतं. मान खोटं बोलते, डोळे बोलत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने बाईकडे बोट दाखवून विचारलं, "रडका?"

बाईने मान आडवी हलवली. "दा. रादका."

मग वसुमतीने आपलं मंगळसूत्र दाखवलं, रामस्वामींना दंडाला धरून पलंगाशी ओढलं, आणि खुणेनेच विचारलं: हा तुझा नवरा?

रादकाबाई जोरजोरात मान वरखाली करू लागली. एकदा, दोनदा, चारदा. रामस्वामी कानापर्यंत लाल झाले. पण तोंडाने ती हसत हसत म्हणत होती, "ने, ने, ने!"

तेवढ्यात अखिला ट्रेमध्ये सुई भरून आली.

"अखिला, तिथेच उभी राहा," वसुमती म्हणाली. आवाज वर्गातला होता. अखिला ट्रेसकट उभी राहिली.

"टीचर, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"लिहिलंय ते तुझ्या फॉर्मवरून. तिची मान उलटी आहे. आपण नाही म्हणतो तेव्हा ती हो म्हणते. तुझा फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा आहे." मग ती बाईजवळ बसली आणि हळू, तोडून तोडून म्हणाली, "पे-नि-सि-लिन?"

हा शब्द बाईला पुरता कळला. तिने मान आडवी हलवली, "दा, दा" म्हणाली, आणि दोन्ही हातांनी गळा धरला. ओठ सुजतात, डोळे बंद होतात, श्वास अडकतो, हे सगळं करून दाखवलं, आणि शेवटी जीभ बाहेर काढून उशीवर कोसळली. मग एक डोळा उघडून बघितलं, यांना समजलं की नाही.

वसुमतीने अखिलाच्या हातातला ट्रे काढून खिडकीत ठेवला.

डॉक्टर भरद्वाज आले. त्यांनी ऐकून घेतलं, पण इडलीच्या पुराव्यावर औषध बदलायला ते तयार होईनात. वसुमती वाद घालत बसली नाही. एवढंच म्हणाली, की फॉर्ममधला पेन्सिलीचा प्रश्न तुम्ही स्वतः विचारून बघा. डॉक्टर संकोचले. तरी पोटावर गोलाकार हात फिरवून त्यांनी विचारलं. सदुसष्ट वर्षांच्या रादकाबाईने मान वरखाली करत आपल्याकडचा होकार दिला आणि मग असं हसू लागली की पलंगाचे गज वाजले.

सांबशिवांनी लॉजच्या रजिस्टरमधून बाईच्या मुलीचा नंबर काढून दिला. डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाला, जिथे रेंज येत होती तिथे जाऊन बोलले. मुलगी तिकडच्या राजधानीत, सोफियात, शिक्षिका होती, इंग्रजी उत्तम. तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, की पेनिसिलिनने आई तिसाव्या वर्षी मरता मरता वाचली आहे. मधुमेह, दमा, खडे यातलं काही नाही. आणि मानेचं म्हणाल, तर आमच्याकडे सगळे तसंच करतात, तुमच्याकडे कसं करतात?

डॉक्टर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी इंजेक्शन टाकून द्यायला सांगितलं, दुसरं औषध लिहिलं, आणि फॉर्म फाडून स्वतः नवा भरायला बसले. मधेच पेन थांबवून म्हणाले, "मॅडम, मी तिला दोनदा विचारलं होतं."

"मीही बत्तीस वर्षं वर्गात विचारत होते, कळलं का म्हणून," वसुमती म्हणाली. "सगळ्यांच्या माना हलायच्या."

तीन दिवसांत ताप उतरला. पाय अजून टेकवत नव्हता, तेव्हा वसुमतीने रादकाबाईला आपल्याच घरी आणलं. डेन्मार्कची मुलगी गेल्यापासून माडी रिकामीच होती, पण जिना नको म्हणून पाहुणीची खाट हॉलमध्ये टाकली.

आता खरा घोटाळा झाला. रादकाबाईने यजमानांचा मान राखायचा म्हणून इथल्यासारखी मान हलवायला सुरुवात केली. वसुमतीने पाहुणीचा मान राखायचा म्हणून तिच्यासारखी. दोघी इतक्या सभ्य की रसम कुणाला हवं, कुणाला नको, याचा पत्ता लागेना. एका दुपारी रामस्वामींनी पाहुणीला चौथ्यांदा भात वाढला आणि तिने तो डोळ्यांत पाणी आणून संपवला. तेव्हा ठरलं, की मान अजिबात हलवायची नाही. फक्त तोंडाने बोलायचं, दा म्हणजे हो आणि ने म्हणजे नाही.

एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी आठ दिवस काढले. रादकाबाई आपल्या भाषेत बोलायची, वसुमती आपल्या मराठीत, आणि कशावर तरी दोघी हसत असायच्या. काय बोलता, असं रामस्वामींनी विचारलं तर वसुमती म्हणे, कोणास ठाव. पण ती पाहुणी तिला 'वासा' अशी हाक मारायची. पापनाशमची थोरली बहीण चंद्रमतीअक्का वारल्यापासून वसुमतीला कुणी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. टीचर, मॅडम, आजी, अहो मामी. ती हाक आली की ती हातातलं काम टाकून उठायची.

जायच्या दोन दिवस आधी रादकाबाईने घरातलं दही चाखलं, तोंड वाकडं केलं आणि लंगडत स्वयंपाकघरात शिरली. दूध तापवलं, करंगळी बुडवून मोजलं, विरजण लावलं आणि भांडं रामस्वामींच्या लोकरीच्या शालीत गच्च गुंडाळून ठेवलं. तिच्या देशातल्या थंडीत तसंच करत असतील. तंजावूरच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत इतकं आंबलं की झाकण काढताच रामस्वामी दोन पावलं मागे सरले. रादकाबाईने बोटभर चाखलं, भांड्याकडे अविश्वासाने बघितलं, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं आणि जमिनीवर बसून घेतलं. वसुमतीने तिच्याशेजारी बसून तिला समजावलं, की इथे शाल नको, थंड फरशी पुरे. सगळं मराठीत समजावलं. तिला ते कळलं.

ज्या सकाळी तिला चेन्नईच्या गाडीत बसवलं, त्या सकाळी तिने निघण्याआधी पुन्हा एकदा विरजण लावलं होतं. स्टेशनवर दोघी फारसं बोलल्या नाहीत. गाडी सुटल्यावर वसुमतीने पदराने चष्मा पुसला आणि घाईने स्कूटरकडे वळली. दुपारी जेवायला बसताना बघितलं, तर फरशीवरचं दही मातीच्या भांड्यात घट्ट, गोड लागलं होतं. रामस्वामींनी भातावर दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा मागायला लाजले, तेव्हा वसुमतीने न विचारताच वाढलं.